डाएटऐवजी काय करावे? खाण्याच्या विकारांकडे कल असणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याचे मार्गदर्शन

नवरात्र तोंडावर आले की नाशिकच्या घराघरांत एक प्रश्न सहज विचारला जातो: "यंदा नऊ दिवस धरणार, की उठता-बसता?" अकरावीत असताना मी या प्रश्नाला "नऊ दिवस" असे उत्तर दिले आणि घरच्यांनी माझे कौतुक केले. कालिकामातेच्या यात्रेला मी आईबरोबर जात होते, त्यामुळे माझ्या उपवासात कोणाला काही वावगे दिसण्याचे कारण नव्हते. प्रत्यक्षात मला ताटापासून सुटका हवी होती आणि उपवासाने ती मला मानाने मिळवून दिली. दसरा झाला तरी माझे जेवण टाळणे थांबले नाही. दिवाळीत रात्री सगळे झोपल्यावर मी फराळाचे डबे उघडून अंधारात, चव कळेनाशी होईपर्यंत खात राहिले आणि सकाळी पुन्हा उपाशी राहण्याचा निश्चय केला. पुढची सहा वर्षे याच चक्रात गेली.

मी उपचार घेऊन बरी झाले. पुढे जे लिहिले आहे ते त्या उपचारांत शिकलेले आणि नंतर रोजच्या जगण्यात पारखून घेतलेले आहे. ज्यांना खाण्याचा विकार होऊन गेला आहे, किंवा आपले मन त्या बाजूला ओढ घेते हे ज्यांना ठाऊक आहे, आणि तरीही ज्यांना प्रकृती चांगली ठेवायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशा माणसांनी डाएटच्या जागी दुसरे, जरा मवाळ डाएट आणून बसवू नये, हे माझे मुख्य सांगणे आहे. गोड बंद, रात्रीचा भात बंद, दिवसातून दोनदाच जेवण, हे सारे इतरांना मानवत असेलही. आपल्यासाठी ते त्याच घसरणीवरचे थांबे आहेत. टप्प्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे: आधी नियमित खाणे, मग पुरेसे, मग सर्व प्रकारचे, आणि व्यायाम त्यानंतर. लेखात कॅलरीचा किंवा वजनाचा एकही आकडा मुद्दामच दिलेला नाही, कारण तसा आकडा आमच्यासारख्यांच्या डोक्यात एकदा शिरला की वर्षानुवर्षे तिथे मुक्काम करतो.

कल आहे हे ओळखावे कसे

शरीराकडे पाहून हे कळत नाही. खाण्याचा विकार बारीक, मध्यम, जाड अशा कोणत्याही शरीरात असू शकतो. तो मुलग्यांना होतो, चाळिशीतल्या बाईलाही होतो. पूर्वी असा आजार झालेला असणे, जवळच्या नात्यात कोणाला तो असणे, लहानपणी अंगावरून चिडवले गेलेले असणे, कोणतीही गोष्ट काटेकोर झाली नाही तर जीव कासावीस होणे, आणि नृत्य, धावणे किंवा वजनगटातली कुस्ती अशा क्षेत्रात शरीरावर सतत नजर असणे, यांमुळे धोका वाढतो. टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलामुलींना विशेष जपावे लागते, कारण खाण्याविषयीची आणि वजनाविषयीची भीती त्यांच्या इन्सुलिनच्या वेळापत्रकापर्यंत पोहोचली तर ती जिवावर बेतते.

स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा. ठरवले होते त्यापेक्षा एक पोळी जास्त खाल्ली गेली, तर उरलेली संध्याकाळ कशी जाते? विसरून जात असाल तर ठीक आहे. पण ती पोळी झोपेपर्यंत डोक्यात राहत असेल, उद्याचा नाश्ता रद्द करण्याचे बेत चालू होत असतील, किंवा "आता बिघडलेच आहे तर सगळेच खाऊ" असे वाटत असेल, तर कोणतेही डाएट तुमच्यासाठी सुरक्षित नाही, असे समजून पुढे वाचावे.

पहिला टप्पा: घरी काही सुरू करण्याआधी डॉक्टर

हा टप्पा अनेकजण ओलांडून पुढे जातात, आणि नेमका हाच ओलांडता येत नाही. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड किंवा दुखणे, नाडी फार मंद लागणे, पायांवर सूज, उलटीतून रक्त, तीन महिने पाळी न येणे, काही आठवड्यांत अंग झपाट्याने उतरणे, किंवा जीव द्यावासा वाटणे, यांपैकी काहीही असेल तर लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाने एकदम पोटभर जेवायला सुरुवात करणेही धोक्याचे असते, कारण त्या वेळी रक्तातले फॉस्फरस आणि पोटॅशियम घसरून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. अशा वेळी खाणे वाढवणे हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरज पडल्यास रुग्णालयात दाखल होऊनच करावे लागते.

फॅमिली डॉक्टरांना "अशक्तपणा वाटतो" एवढेच सांगून भागत नाही. मी दोन वर्षे तेवढेच सांगत राहिले आणि दोन वर्षे लोहाच्या गोळ्या घेऊन परत आले. "मी जेवण टाळते", "मला खा-खा सुटते", "मी उलटी काढते" ही वाक्ये जशीच्या तशी तोंडातून निघाली पाहिजेत. बोलवत नसेल तर कागदावर लिहून तो कागद टेबलावर ठेवावा. मग डॉक्टर आपल्याला निजवून आणि उभे करून रक्तदाब घेतात, ईसीजी काढतात, पोटॅशियम आणि इतर क्षार तपासतात. हे अहवाल चांगले आले म्हणजे आजार नाही असा अर्थ होत नाही, कारण शरीर खूप काळ सावरून धरते आणि मग अचानक हात टेकते.

डाएट उलटते ते का

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा सुदृढ कसे करायचे, हे त्यांना शोधायचे होते. त्यासाठी शरीराने आणि मनाने निरोगी असे ३६ तरुण निवडले गेले. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र धरायला नकार दिलेली ही मंडळी होती. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले. हळूहळू त्यांचे बोलणे अन्नाभोवती फिरू लागले, ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, ताटे चाटू लागले, थंडी सोसेनाशी झाली, चिडचिड आणि खिन्नता वाढली, मित्रांमध्ये आणि कामात मन लागेना. उपासमार संपल्यावर त्यांच्यातले काहीजण पोट तट्ट फुगेपर्यंत खात आणि तरी त्यांची भूक भागत नसे.

मानसोपचारतज्ज्ञांनी मला हे सांगितले तेव्हा मी रडले. फराळाच्या डब्यांसमोर अंधारात बसलेली मुलगी हावरट नव्हती आणि मनाने कमकुवतही नव्हती. ती महिनाभर अर्धपोटी होती. पोट मारले की शरीर ते दुष्काळ समजते आणि अन्न दिसताच साठवायला धावते. मग अपराधी वाटते, आणि अपराधीपणातून आणखी कडक नियम येतात. हे चक्र कुठे तोडायचे, याचे उत्तर खा-खा रोखण्यात नसून उपाशी राहणे थांबवण्यात आहे. पुढचे सर्व टप्पे याच एका गोष्टीवर उभे आहेत.

दुसरा टप्पा: काटा, टेप आणि अ‍ॅप घराबाहेर

आमच्या घरी न्हाणीघराच्या दाराशी काचेचा डिजिटल काटा होता. पाण्याचा पेला पिण्याआधी आणि प्यायल्यानंतर असा दोनदा उभी राहून मी त्यावर दिवसाचा मूड ठरवीत असे. माणसाचे वजन पाणी, मीठ, शौच, पाळीचे दिवस यांमुळे एकाच दिवसात वर-खाली होते. सकाळच्या आकड्यातून चरबीविषयी काहीच कळत नाही, तरी तो आकडा नाश्ता मिळणार की नाही हे ठरवीत होता. शेवटी वडिलांनी तो काटा भंगारवाल्याला दिला. माळ्यावर टाकला असता तर मी तो उतरवला असता, हे त्यांना बरोबर समजले होते. डॉक्टरांना वजन पाहणे आवश्यक असेल तर काट्याकडे पाठ करून उभे राहावे आणि आकडा मोठ्याने सांगू नका अशी विनंती करावी. ती बहुतेक ठिकाणी मान्य होते.

मोबाइलमधली कॅलरी मोजणारी अ‍ॅप काढून टाकावीत, "आधी आणि नंतर" अशी छायाचित्रे टाकणारी खाती बंद करावीत, आणि घट्ट झालेले कपडे कपाटातून काढावेत. "बारीक झाल्यावर घालीन" म्हणून ठेवलेली जीन्स रोज सकाळी अपमान करते. त्याऐवजी आज अंगाला नीट बसतील असे दोन जोड विकत घ्यावेत; पोटाला न टोचणाऱ्या कपड्यांत जेवण किती शांतपणे होते, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

तिसरा टप्पा: घड्याळाप्रमाणे खाणे

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी खाण्याच्या विकारांसाठी जी वर्तनोपचार पद्धत घडवली, तिच्यात सुरुवातीचे आणि मुख्य काम हेच आहे: दिवसात तीन जेवणे, त्यांच्यामध्ये दोन किंवा तीन लहान खाणी, आणि कोणत्याही दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. काय खाता याकडे सुरुवातीला फार लक्ष द्यायचे नाही. कधी खाता एवढेच पाहायचे.

"भूक लागेल तेव्हा खावे" हा सल्ला निरोगी माणसाला ठीक आहे. आपल्या बाबतीत भुकेची आणि पोट भरल्याची जाणीव बिघडलेली असते. कित्येकांना दुपारपर्यंत भूक लागतच नाही आणि रात्री ती आवरत नाही. म्हणून ती जाणीव परत येईपर्यंत, म्हणजे काही महिने, घड्याळावर विश्वास ठेवावा लागतो. औषधाची गोळी आपण मन होते का हे पाहून घेत नाही, तसेच हे आहे.

माझा दिवस असा बसला: सकाळी साडेसातला चहाबरोबर काहीतरी, साडेआठला पोहे, उपमा किंवा पोळी-भाजीचा नाश्ता, अकराला डब्यातला एक लाडू किंवा केळे, एकला जेवण, साडेचारला चहा आणि मूठभर चिवडा किंवा भाजलेले शेंगदाणे, आठला रात्रीचे जेवण, आणि झोपायला उशीर असेल तर कपभर दूध. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना या वेळा जमणार नाहीत. त्यांनी जागे झाल्यापासून तास मोजावेत. रात्रपाळी असली तरी उठल्यावर तासाभरात पहिले खाणे आणि मग दर तीन तासांनी पुढचे, हे गणित तेच राहते.

अकराचा डबा सर्वांत अवघड गेला. महाविद्यालयात मैत्रिणींसमोर एकटीनेच डबा उघडायची लाज वाटे. आईने त्यासाठी लहान, गोल, झाकण सहज निघेल असा स्टीलचा डबा घेतला होता आणि त्यात नागलीचा (नाचणीचा) एक लाडू कागदात गुंडाळलेला असे. पहिले पंधरा दिवस मी तो लाडू जिन्यात उभे राहून खाल्ला. मग एका मैत्रिणीने अर्धा मागितला, आणि त्यानंतर आई दोन लाडू देऊ लागली.

दोन नियम येथे मोडू नयेत. पहिला: खा-खा सुटली, जास्त खाल्ले गेले, तरी पुढचे खाणे ठरलेल्या वेळी व्हायलाच हवे. ते टाळले की चक्र पुन्हा फिरू लागते. दुसरा: पुढचे खाणे कधी आणि काय आहे हे आधी माहीत असावे. रात्री झोपण्यापूर्वी उद्याच्या खाण्यांची साधी नोंद वहीत करावी, प्रमाण किंवा आकडे न लिहिता. वेळेवर खाल्ले की पुढे खूण करावी आणि मनात काय चालले होते ते एका ओळीत लिहावे. सुरुवातीला पोट फुगल्यासारखे वाटते, ढेकर येतात, जड वाटते. उपाशी राहण्याने पोट रिकामे होण्याची गती मंदावलेली असते आणि नियमित खाल्ल्यानेच ती सुधारते. याला घाबरून बहुतेकजण दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात, म्हणून आधीच सांगून ठेवते आहे.

चौथा टप्पा: ताट पूर्ण असावे

वेळा बसल्या की ताटाकडे पाहावे. आपले रोजचे ताट यासाठी चांगले आहे: पोळी किंवा भाकरी, भात, वरण किंवा उसळ, भाजी, कोशिंबीर, ताक किंवा दही, आणि थोडे तेल-तूप. यातले काहीही "वजा" करू नये. तूप काढून टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाशिवाय नीट शोषली जात नाहीत, आणि कोरडे जेवण समाधान देत नाही. बाजरी, ज्वारी, पेठ-सुरगाण्याकडची नागली, हे सगळे उत्तमच आहे. पण नागली "पौष्टिक" म्हणून खायची आणि पोळी "वाईट" म्हणून सोडायची, असे सुरू झाले की ते डाएटच झाले. प्रमाण कळत नसेल तर घरात आपल्या वयाचे जे कोणी मोकळेपणाने जेवते, त्याच्या ताटाएवढे वाढून घ्यावे.

पाचवा टप्पा: मनातली बंदीची यादी उघडणे

प्रत्येकाच्या मनात एक यादी असते. माझ्या यादीत भात, बटाटा, तळलेले सर्व, फरसाण, पाव आणि मिसळ होती. नाशिकमध्ये राहून मिसळ टाळायची म्हणजे रविवारची सकाळच टाळायची; मावसभावंडांचे बेत, वर्गमित्रांचे वाढदिवस, पाहुण्यांची सरबराई, सगळे मिसळीभोवती असते. आजार माणसाला अन्नापासून तोडतो तसा माणसांपासूनही तोडतो.

यादी कागदावर लिहावी आणि सर्वांत कमी भीतीच्या पदार्थापासून सर्वांत जास्त भीतीच्या पदार्थापर्यंत क्रम लावावा. मग खालच्या पायरीपासून आठवड्यातून एक पदार्थ घ्यावा. तो उपाशीपोटी खाऊ नये, नेहमीच्या खाण्याच्या वेळी खावा. एकट्याने खाऊ नये, ज्याच्यासमोर संकोच वाटत नाही अशा माणसाबरोबर खावा. आणि त्यानंतर भरपाई म्हणून जेवण टाळू नये किंवा जादा चालू नये. तोच पदार्थ कंटाळवाणा होईपर्यंत, म्हणजे चार-पाच वेळा तरी, पुन्हा खावा आणि मगच वरच्या पायरीवर जावे. ज्यांना अजून वारंवार खा-खा सुटते, त्यांनी तिसरा टप्पा पक्का झाल्याशिवाय येथे येऊ नये.

मिसळ माझ्या यादीत सर्वांत वर होती. गंगापूर रस्त्याला झाडांखाली टेबले मांडलेल्या एका ठिकाणी मी मावसबहिणीबरोबर गेले. तर्रीवर तरंगणारे लाल तेल पाहून माझे हात गार पडले होते. ती परीक्षेबद्दल बोलत राहिली, "खा गं", "एवढंच का?" असे तिने एकदाही म्हटले नाही. त्या दिवशी अर्धी वाटी मिसळ आणि एक पाव झाला. चौथ्या रविवारी मी तिला म्हणाले, "इथली मटकी जरा जास्त शिजते, नाही?" ती हसली, कारण तिला समजले होते. त्या दिवशी मिसळीकडे मी भीतीच्या नजरेने न पाहता चवीच्या नजरेने पाहिले होते.

उपवासांचे काय करावे

मराठी घरात या विषयावर बोलल्याशिवाय हा लेख पूर्ण होऊ शकत नाही. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार: ज्याला जेवण टाळायचे आहे त्याला आपले पंचांग वर्षभर सबब पुरवू शकते, आणि वर कौतुकही मिळते. म्हणूनच घरातील मुलगी अचानक नवनवे उपवास धरू लागली, तर तिची श्रद्धा वाढली असे मानण्याआधी तिचे इतर दिवसांचे जेवण पाहावे.

उपवास तिसऱ्या टप्प्याच्या मुळावर येतो. दिवसभर रिकामे राहून रात्री साबुदाणा वडे समोर आले की काय होते, हे ज्याने भोगले आहे त्याला सांगायला नको. त्यामुळे आजार चालू असताना आणि बरे वाटू लागल्यावरही निदान वर्षभर उपवास पूर्ण बंद ठेवावेत, आणि नंतरही मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. मी स्वतः ते पुन्हा धरलेले नाहीत. बालक, वृद्ध आणि आजारी यांना व्रतातून सूट देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, आणि रमजानच्या रोज्यांतही आजाऱ्याला सवलत आहे. खाण्याचा विकार हा आजारच आहे, त्यामुळे ही सूट हक्काने घ्यावी.

घरात आणि नात्यात काय सांगायचे, हा खरा पेच असतो. लांबलचक खुलासा करू नये. "गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी उपवास बंद सांगितला आहे" हे वाक्य आजीपासून शेजारणीपर्यंत सर्वांना पटते, आणि उपचार घेत असलेल्या माणसासाठी ते खोटेही नाही. श्रद्धा असेल तर आरती, पारायण, नैवेद्याचा स्वयंपाक, दान यांत पूर्ण भाग घ्यावा. जे पुष्कळ सावरले आहेत आणि ज्यांना घरच्यांबरोबर एकादशी पाळायचीच आहे, त्यांनी डॉक्टरांच्या संमतीने सर्व ठरलेल्या वेळांना उपवासाचे पदार्थ खावेत: सकाळी राजगिऱ्याचा लाडू आणि दूध, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, मध्ये केळे, रताळे, दही. पदार्थ बदलतील, वेळा बदलणार नाहीत. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जायचे असेल, तर शिदोरी बरोबर हवी आणि ती वाटेत उघडलीही पाहिजे. अशक्तपणा असताना फेरीला जाऊच नये.

सहावा टप्पा: हालचाल, पण हिशेब चुकता करण्यासाठी नाही

व्यायाम या ठिकाणी येतो, याआधी नाही. पाळी बंद असेल, चक्कर येत असेल किंवा डॉक्टरांनी परवानगी दिली नसेल तर तो आणखी पुढे ढकलावा. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंतल्या ज्या अवस्थेकडे लक्ष वेधले, तिच्यात हेच सांगितले आहे: मेहनतीच्या मानाने खाणे कमी पडले की हाडे, पाळी, रोगप्रतिकारशक्ती, हृदय आणि खेळातली कामगिरी, सगळ्यांवर परिणाम होतो, आणि हे पुरुष खेळाडूंनाही होते.

नाशिक चालण्यासाठी चांगले शहर आहे. कृषीनगरचा ट्रॅक, गोल्फ क्लबचे मैदान, गोदापार्क, पांडवलेणीच्या पायऱ्या. सकाळी कुठेही जा, माणसे भेटतात. प्रश्न कुठे जायचे हा नसून कशासाठी जायचे हा आहे. कालच्या जेवणाची भरपाई म्हणून चालत असाल, पाऊस कोसळत असतानाही चुकवता येत नसेल, पाय दुखत असून थांबवत नसेल, किंवा फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय नाश्त्याचा हक्क वाटत नसेल, तर तो व्यायाम आजाराचा भाग आहे आणि तो काही काळ बंद करावा लागेल. पावले मोजणारे घड्याळ काढून ठेवावे. बोलत-बोलत चालता येईल अशा गतीने, कोणाबरोबर तरी, खाऊन मग निघावे. आठवड्यात दोन दिवस विश्रांतीचे आधीच ठरवावेत. मला सर्वांत जास्त मानवले ते संध्याकाळचे बॅडमिंटन, कारण समोर माणूस असला की लक्ष स्वतःच्या पोटावर राहत नाही.

झोपेबद्दल थोडक्यात: अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारे संप्रेरक वाढते आणि तृप्तीचे घटते, म्हणून रात्रीच्या खा-खावर पहिला उपाय कित्येकदा लवकर झोपणे हाच ठरतो.

घरच्यांनी काय करावे

"जाड झालीस गं", "किती वाळलास", "अंगानं भरलीस, बरं दिसतंय" ही तिन्ही वाक्ये सारखीच घातक आहेत. शेवटचे वाक्य प्रेमाने म्हटलेले असते आणि तेच सर्वांत खोल लागते. शरीरावर, चांगले किंवा वाईट, काहीच बोलू नये, आणि स्वतःच्या पोटाबद्दलही ताटावर बसून बोलू नये. स्थळ पाहायला येणाऱ्यांनी वजन विचारले तर उत्तर आईवडिलांनी द्यावे आणि विषय तिथेच संपवावा.

लहान मुलांच्या बाबतीत एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांची कामाची वाटणी उपयोगी पडते: काय, कधी आणि कुठे खायचे हे आईवडिलांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. मात्र किशोरवयीन मुलाला किंवा मुलीला अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे अतिशय कमी करण्याचा आजार, झालेला असेल तर ही वाटणी लागू होत नाही. त्या आजारात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेली कुटुंबाधारित पद्धत वापरतात, आणि तिच्यात काही काळ जेवणाची सगळी सूत्रे आईवडिलांनी हाती घ्यायची असतात, अर्थातच तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली.

डॉक्टरांनीच वजन कमी करायला सांगितले तर

पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा बिघाड), टाइप-२ मधुमेह, रक्तदाब असे काही निघाले की "वजन उतरवा" असे सांगितले जाते. हा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला तरी आपल्यासाठी तो आगीशी खेळ ठरू शकतो. तेव्हा स्पष्ट सांगावे: "मला खाण्याचा विकार होऊन गेला आहे. वजनाचे लक्ष्य न देता काय करता येईल?" करता येण्यासारखे पुष्कळ असते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने साखर आटोक्यात राहायला मदत होते. ताटात डाळ, उसळ, भाजी वाढवता येते, काही न काढता. झोप, औषधे, तंबाखू सोडणे यांचाही उपयोग होतो. प्रगती साखर, रक्तदाब, पाळीची नियमितता, जिना चढताना लागणारा दम यांवरून मोजावी. मानसोपचारतज्ज्ञ आणि मधुमेहाचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलावे, असा आग्रह धरावा.

मदत कोठे, आणि पाय घसरला तर

हे टप्पे उपचारांची जागा घेत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि खाण्याच्या विकारांची माहिती असलेले आहारतज्ज्ञ यांची मदत घ्यावी. पहिल्याच भेटीत आहारतज्ज्ञाने कॅलरीचा तक्ता हातात दिला तर नम्रपणे दुसरा शोधावा. खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक लावावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचे आहे, हेही लक्षात ठेवावे.

पाय घसरतो. दिवाळी, लग्नसराई, परीक्षा, घरातले भांडण, अशा वेळी तो जास्त घसरतो. खाण्याची लाट उसळली की ती बहुधा वाढत जाऊन ओसरते. तेवढा वेळ स्वयंपाकघराबाहेर पडून अंगणात जावे, कोणाला तरी फोन करावा, गार पाण्याने तोंड धुवावे. तरीही खाल्ले गेले तर भांडी तशीच ठेवून झोपावे. उलटी झाली असेल तर साध्या पाण्याने चुळा भराव्यात, लगेच दात घासू नयेत, पाणी प्यावे, आणि चक्कर किंवा धडधड वाटल्यास घरच्यांना उठवावे. वहीत वेळ आणि त्याआधी काय घडले एवढेच लिहावे. बहुतेक वेळा त्या नोंदीत दुपारचा एखादा चुकलेला डबा सापडतो. मग गजर लावावा आणि सकाळी साडेआठला, भूक असो वा नसो, घरच्यांबरोबर बसून एक पूर्ण बशी पोहे खावेत.